छोटे, वारंवार आणि पैसे घेऊन दिलेले अपडेट : आपल्याकडे चालतील का?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. मी सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी, युनिफॉर्म शिवणाऱ्यांसाठी आणि काही अडत दुकानांसाठी बिलिंग, स्टॉक आणि मजुरीचं सॉफ्टवेअर बनवतो. दोन प्रोग्रॅमर, सपोर्टला एक ताई आणि मी, एवढाच कारभार.

आजवरची पद्धत अशी : दोन वर्षांनी एक मोठी आवृत्ती. जुन्या गिऱ्हाइकाला निम्म्या किमतीत. मधल्या काळात फक्त चुका दुरुस्त करून द्यायच्या, त्या फुकट. यात दोन अडचणी आहेत. आवृत्ती निघते त्या वर्षी पैसा येतो आणि पुढच्या वर्षी पगार काढताना ओढाताण होते. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक आज एखादी सोय मागतं आणि ती त्याच्या हातात पडेपर्यंत दीड वर्ष गेलेलं असतं. तोवर त्याने एक्सेलमध्ये स्वतःची वाट काढलेली असते.

आता विचार असा आहे की दर सहा आठवड्यांनी एक लहान अपडेट काढायचा. त्यात दोन-तीन नव्या सोयी, किंमत साडेचारशे रुपये. ज्याला हवा त्याने घ्यावा. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण काम झालं की लगेच लोकांच्या हातात जातं. पण तीन गोष्टींवर मत हवंय. सारखे सारखे पैसे मागितलेले इथल्या मालकांना चालतील का? पैसे कशाचे घ्यावेत आणि काय फुकट असावं? आणि मध्येच घ्यायचं थांबवलं तर त्या माणसाकडे काय उरावं?

सातरस्ता
पहिल्याचं उत्तर देतो. आपल्याकडे बिल दाखवलं की मालक म्हणतो, "पुढच्या महिन्यात बघू." तुम्ही दर सहा आठवड्यांनी बिल दाखवणार, म्हणजे तुमचा पुढचा महिना कायम पुढेच राहणार. 😀

यंत्रमाग_वारसदार
होटगीरोडकर, आमचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. साडेचारशे रुपये ही अडचण नाहीच. एवढा खर्च तर चहापाण्याचा होतो. अडचण आहे ती बदलाची.

आमचे दिवाणजी वडिलांच्या वेळेपासून आहेत. ते नोंद कशी करतात ते बघा एकदा. डाव्या हाताखाली चिठ्ठ्यांचा गठ्ठा, उजवा हात आकड्यांच्या कळांवर, नजर चिठ्ठीवर. स्क्रीनकडे ते बघतच नाहीत. पार्टीचा कोड, एंटर, मालाचा कोड, एंटर, डझन, एंटर, भाव, एंटर. हाताला पाठ झालंय. पूर्वी आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं (नाव घेत नाही). त्यांनी एका अपडेटमध्ये मालाचा कोड आणि डझन यांच्या मधे एक नवा रकाना घातला. कुणी सांगितलं नाही, फोन नाही, काही नाही. दिवाणजींनी नेहमीसारखी अख्खी दुपार नोंदी केल्या. डझन नव्या रकान्यात गेले आणि भाव डझनाच्या जागी बसला. संध्याकाळी स्टॉक बघतो तर गोदामात मावणार नाही इतके टॉवेल! ते सगळं निस्तरायला रात्र गेली आणि दिवाणजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

अपडेट लहान असला म्हणून त्रास लहान होतो असं नाही. तेव्हा वारंवार द्या, पण नोंदीच्या पडद्याला हात लावू नका. लावायचाच असेल तर वर्षातून एकदा, आणि माणूस पाठवून शिकवा.

शेंगाचटणी
दिवाणजींना साष्टांग नमस्कार. आमच्याकडचे अण्णा पण अस्सेच, नजर चिठ्ठीवर आणि कान रेडिओवर.

पुण्यातली_सोलापूरकर
मूळची अशोक चौकातली, सध्या पुण्यात प्रॉडक्ट कंपनीत काम करते. होटगीरोडकर, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्यात, त्या आधी वेगळ्या करा. काम लोकांच्या हातात किती वेळा द्यायचं हा एक प्रश्न. पैसे किती वेळा मागायचे हा दुसरा. 2001 मधल्या अजाइल (लहान टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीच्या) जाहीरनाम्याच्या तत्त्वांत दोन आठवडे ते दोन महिने या अंतराने चालतं सॉफ्टवेअर देत राहा असं आहे. पैसे कधी घ्या याबद्दल तिथे काहीच नाही. क्रोमने 2021 मध्ये दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही.

लहान अपडेटच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चूक सापडणं सोपं जातं. दोन वर्षांचे शेकडो बदल एकदम बाहेर गेले आणि बेरीज चुकायला लागली, तर शोधणार कुठे? तीनच बदल गेले असतील तर त्या तिघांतच बघायचं. हा फायदा मी रोज अनुभवते, त्यामुळे वारंवार देण्याला माझा शंभर टक्के पाठिंबा.

पण दर अपडेटला वेगळे पैसे ठेवलेत की तुमच्याच कामावर त्याचा वाईट परिणाम होईल. दर सहा आठवड्यांनी काहीतरी विकायचं म्हटलं की विकण्याजोगं तेच काम आधी होतं. रंगीत रिपोर्ट, नवा डॅशबोर्ड. बॅकअप नीट होतोय का, हजारो नोंदी झाल्यावर शोध मंदावतोय का, ही कामं मागे पडतात, कारण त्यांच्यासाठी वेगळे साडेचारशे कुणी देत नाही. आणि गिऱ्हाइकाला खरी गरज त्याचीच असते.

होटगीरोडकर
@पुण्यातली_सोलापूरकर, हे उलट बाजूनेही खरं आहे ना? दोन वर्षांच्या आवृत्तीतसुद्धा माहितीपत्रकात दाखवण्यासारखं काहीतरी लागतंच. उलट तयार झालेल्या सोयी मोठ्या आवृत्तीसाठी दाबून ठेवाव्या लागतात, नाहीतर निम्मी किंमत तरी कोण देणार? ते मला जास्त खटकतं. गिऱ्हाइकाची अडचण सोडवून तयार आहे आणि ती कपाटात पडून आहे.

पुण्यातली_सोलापूरकर
मान्य, ती पद्धतही वाईटच. म्हणून म्हणते, वर्षाची एकच रक्कम घ्या आणि अपडेट हवे तितके द्या.

कडकभाकरी
दुधाच्या रतीबासारखं ठेवा हो. रोज दूध घरात येतं, हिशेब महिन्याला. गवळी दर सकाळी कडी वाजवून पैसे मागत नाही.

युनिफॉर्मवाला
@कडकभाकरी, उदाहरण आवडलं, पण पुढचं ऐका. रतीब बंद केला तर गवळी काल प्यायलेलं दूध परत मागत नाही. सॉफ्टवेअरवाले मागतात!

आमचं शाळेच्या गणवेशाचं काम. एका कंपनीचं महिन्याच्या वर्गणीवरचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मार्च अखेरीला वर्गणी भरायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर फक्त "नूतनीकरण करा" एवढंच. नवीन बिल करता येईना ते ठीक आहे. पण जुनी बिलं बघता येईनात, खातेउतारे निघेनात. आमचाच डेटा! शाळांची येणी वसूल करायचे दिवस आणि कुणाकडे किती बाकी तेच दिसेना. पैसे भरले, पण तीन दिवस फोनवर फोन केल्यावर सुरू झालं. त्यानंतर वर्गणी हा शब्द ऐकला की मी दोन पावलं मागे सरकतो.

तेव्हा होटगीरोडकर, तुमचा तिसरा प्रश्न माझ्यासाठी पहिला आहे. थांबलो तर काय उरतं ते आधी लिहून द्या.

जुळे_सोलापूर_2
यावर आधीच्या कंपन्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. अ‍ॅडोबीने मे 2013 मध्ये सांगितलं की फोटोशॉप वगैरे असलेल्या सीएस 6 या संचानंतर विकत घ्यायची आवृत्ती निघणार नाही, यापुढे फक्त वर्गणी. आपल्याकडे नवी पेठेतल्या फ्लेक्सवाल्यांपासून लग्नपत्रिकावाल्यांपर्यंत बरेच जण त्या जुन्या आवृत्तीलाच चिकटून बसले.

दुसरं उदाहरण जेटब्रेन्सचं. ते प्रोग्रॅमरांसाठी साधनं बनवतात. 2015 मध्ये त्यांनी वर्गणी जाहीर केली, वापरणारे भडकले, आणि काही आठवड्यांतच त्यांनी नियम बदलला : सलग बारा महिने पैसे भरलेत की त्या काळाच्या सुरुवातीला जी आवृत्ती होती ती कायमची तुमची. वर्गणी थांबवा, ती चालतच राहणार. होटगीरोडकर, हे जसंच्या तसं उचला.

टॅलीचंही आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेच. कायमचा परवाना घेतला की टीएसएसचं (अपडेट आणि सेवांच्या वर्गणीचं) नूतनीकरण केलं नाही तरी सॉफ्टवेअर चालतं, नवे अपडेट आणि जोडलेल्या सेवा मिळत नाहीत. सोलापूरच्या व्यापाऱ्याला ही पद्धत सवयीची आहे. त्याला नव्याने समजावून सांगावं लागणार नाही.

ताळेबंद
सीए आहे, थोडं माझ्या बाजूने.

होटगीरोडकर, दोन वर्षांत एक आवृत्ती हा पर्याय जीएसटीने 2017 मध्येच संपवलाय. ई-इन्व्हॉइसचंच बघा, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं. 1 ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं. मग 100, 50, 20, 10 करत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आलं, म्हणजे थेट तुमच्या गिऱ्हाइकांच्या दारात. दरांचंही तसंच. 3 सप्टेंबर 2025 च्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत ठरलं आणि 22 सप्टेंबरपासून लागू. तयार कपडे आणि चादरीसारख्या वस्तूंना पूर्वी नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि वर 12 होते. आता 2500 पर्यंत 5 आणि त्यावर 18. मधे तीन आठवडेसुद्धा नव्हते, आणि ते दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा वारंवार अपडेट द्यावेच लागणार, प्रश्न फक्त पैशाचा.

माझं ठाम मत : कायद्यातल्या बदलाचे वेगळे पैसे घेऊ नका. मालकाला वाटतं सरकारने बदललं आणि तुम्ही त्यावर कमावताय.

खर्चाचं म्हणाल तर वर्षाची वर्गणी त्याच वर्षी पूर्ण खर्चात धरता येते. कायमचा परवाना साधारणपणे मालमत्तेत जातो आणि त्यावर 40 टक्के घसारा. नियमित जीएसटीवाल्याला तुमच्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला) नाही. त्याच्यासाठी साडेचारशे म्हणजे 531.

होटगीरोडकर
@ताळेबंद, बाकी सगळं मान्य, पण कायद्याच्या बदलावर मी भांडणार. 😀 ई-इन्व्हॉइस जोडताना आमच्या दोन्ही प्रोग्रॅमर मुलांनी कित्येक आठवडे दुसरं काही केलं नाही. पोर्टलशी जोडणी, क्यूआर कोड, रद्द करायची सोय, नेट गेलं तर बिल अडकू नये म्हणून रांग. एवढं काम फुकट कसं द्यायचं? पगार तर दोघांनाही दिला.

यंत्रमाग_वारसदार
आणि आम्ही का द्यायचे? आम्ही मागितलं होतं का ई-इन्व्हॉइस?

पुण्यातली_सोलापूरकर
दोघंही बरोबर आहात, कारण दोन वेगळ्या कामांबद्दल बोलताय. दर 12 चा 18 झाला, मर्यादा 1000 ची 2500 झाली, यासाठी अपडेट लागताच कामा नये. दर, मर्यादा आणि लागू होण्याची तारीख गिऱ्हाइकालाच भरता आली पाहिजे. जुन्या तारखेचं बिल उघडलं तर जुना दर, नव्याला नवा. हे एकदा नीट बांधलं की पुढची दहा वर्षं फोन येत नाहीत. ई-इन्व्हॉइससारखी अख्खी नवी यंत्रणा आली तर ते वर्गणीत धरायचं. ज्याची वर्गणी चालू नाही त्याने ती सुरू करायची. दंड नाही, मागची थकबाकी नाही.

ताळेबंद
चालेल. थकबाकी नाही हे मात्र लिहून द्या. काहीजण मधल्या बंद वर्षांचेही पैसे मागतात आणि तिथेच गिऱ्हाईक तुटतं.

माझाच_माग
विषय जरा बाजूला नेतो. आमच्याकडे आठवड्याला पगार होतो आणि निम्म्याहून जास्त कामगार तेलुगू बोलणारे. मजुरीची पावती मराठीत किंवा इंग्रजीत निघते. शनिवारी संध्याकाळी रांगेत प्रत्येकजण विचारतो की हे कापलेलं कसलं. उचल किती, खराब मालाची कपात किती, एकेकाला सांगत बसावं लागतं. तेलुगूत पावती काढणारं अपडेट कुणी दिलं तर साडेचारशे काय, दोन हजार आजच्या आज देतो.

शेंगाचटणी
+1. आणि कन्नड पण घ्या. आमच्याकडे तिकडचेही बरेच आहेत.

जुळे_सोलापूर_2
हे बघा! वेगळ्या पैशांचं अपडेट कुठे चालतं ते इथे कळतं. तेलुगू पावती यंत्रमागवाल्याला सोन्याची, अडत दुकानाला तिचा काही उपयोग नाही. तिचा भार सगळ्यांच्या वर्गणीवर का?

पुण्यातली_सोलापूरकर
इथे एक सावधगिरी. ज्याने घेतली त्याला एक आवृत्ती आणि ज्याने नाही त्याला दुसरी, असं केलंत तर मेलात. कुणाकडे पहिलं आणि तिसरं अपडेट, कुणाकडे फक्त दुसरं. पाच वेगवेगळ्या सोयी निघाल्या की 32 प्रकारची मिश्रणं बाजारात. फोन आला की आधी त्याच्याकडे काय आहे ते शोधण्यातच तुमच्या सपोर्टवाल्या ताईंचा वेळ जाणार. सगळ्यांकडे एकच सॉफ्टवेअर जाऊ दे, त्यात तेलुगू पावती असू दे, पण बंद. पैसे भरले की किल्लीने उघडायची.

आणि ज्याने मधले चार अपडेट घेतलेच नाहीत त्याने पाचवं घेतलं तर डेटाची रचना पायरीपायरीने पुढे गेली पाहिजे, उडी मारून नाही. प्रत्येक पायरीआधी आपोआप बॅकअप. याची चाचणी खऱ्या गिऱ्हाइकाच्या जुन्या डेटावर करा, त्याची परवानगी घेऊन.

सातरस्ता
अपडेट आपोआप गेलेलं बरं की विचारून?

जुळे_सोलापूर_2
विचारून. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल आपोआप गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जवळपास 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. फाइल लहानच होती. सगळीकडे एकदम पाठवली हा घोळ.

होटगीरोडकरांनी आधी ओळखीच्या चार-पाच जणांकडे द्यावं, आठवडाभर थांबावं, मग बाकीच्यांना.

यंत्रमाग_वारसदार
त्या चार-पाचांत आमचं नाव घाला. दिवाणजींच्या हाताखालून गेलं तर कुठेही चालेल.

युनिफॉर्मवाला
एक बारीक मुद्दा. वर्गणी कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप कापणार असाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापण्याच्या 24 तास आधी सूचना यावी लागते, आणि 15,000 पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. पण आमच्यासारखे बरेच जण चालू खात्यातून चेक किंवा एनईएफटीनेच देतात. त्यांच्याकडे आठ दिवस आधी माणूस किंवा फोन जाऊ दे. आणि पैसे पोचायला चार दिवस उशीर झाला म्हणून कुलूप लावू नका.

कडकभाकरी
गवळी पण चार दिवस थांबतो.

होटगीरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता विचार बराच बदलला. आता असं ठरवतोय :

दर अपडेटचे साडेचारशे हा बेत सोडला. वर्षाला एक रक्कम, आधी दोन वर्षांनी जी निम्मी किंमत घेत होतो तिच्या साधारण अर्धी, म्हणजे दोन वर्षांत तेवढीच पडेल. अपडेट सहा-आठ आठवड्यांनी, विचारून. चुकांची दुरुस्ती वर्गणी असो नसो फुकट, कारण चूक आमची. दर आणि मर्यादा गिऱ्हाइकाला स्वतः भरता येतील, आमच्याशिवाय. वर्गणी थांबवली तर शेवटची घेतलेली आवृत्ती कायम चालेल, जुनी बिलं आणि खातेउतारे कधीही बंद होणार नाहीत, सगळा डेटा एक्सेलमध्ये काढता येईल. हे करारात लिहून सही करून देणार. युनिफॉर्मवाले, तुमच्यासाठी पहिलं कलम तेच ठेवतो.

तेलुगू पावतीसारख्या खास सोयी वेगळ्या किमतीला, किल्लीने. नोंदीचा पडदा वर्षातून एकदाच बदलेल. तो एप्रिलमध्ये बदलू का, नव्या आर्थिक वर्षाबरोबर?

युनिफॉर्मवाला
एप्रिल ते जून आमच्याकडे पाणी प्यायला फुरसत नसते. शाळा सुरू होईपर्यंत आमच्या पडद्याला हात लावू नका. ऑगस्टमध्ये या.

यंत्रमाग_वारसदार
आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतही नको, निम्मे कामगार जागेवर नसतात.

ताळेबंद
तारखांचं मी सांगतो. जीएसटीची विवरणपत्रं भरायची ती महिन्याच्या 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी. तिमाहीवाल्यांचं आपल्या राज्यात 13 आणि 22. तेव्हा 8 ते 22 या काळात कुठलाही अपडेट नको. 23 नंतर कधीही द्या. या दिवसांत काही बिघडलं तर मालक तुम्हाला आधी फोन करणार नाही, मला करणार!

होटगीरोडकर
@ताळेबंद, हे भिंतीवरच लिहून ठेवतो. पहिलं अपडेट 24 तारखेला वारसदारांकडे.

माझाच_माग
ते सगळं ठीक आहे मालक, तेलुगू पावती कधी?

होटगीरोडकर
तुमच्या आत्ताच्या मजुरी पावतीचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कामगारांची नावं झाकून. आणि उचल, कपात, शिल्लक यांना तुमच्याकडचे लोक तेलुगूत नेमकं काय म्हणतात ते कामगारांकडूनच लिहून घ्या. पुस्तकातले शब्द घातले तर शनिवारची रांग आहे तिथेच राहील.

माझाच_माग
शनिवारी पगाराला बसलो की विचारतो. रविवारी पाठवतो.